मुळशीचे पाणी, परळची वीज

मुळशी धरण पाहायला गेलेला माणूस बहुधा भिंत आणि तलाव पाहून परततो. वीज जिथे तयार होते ती जागा त्याला दिसत नाही. ती सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणात, भिरा या गावी आहे. मुळा आणि निळा या नद्यांचे पाणी मूळचे पूर्वेला जाणारे. पुण्यावरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. धरणाने ते अडवले, डोंगर पोखरून पश्चिमेला वळवले आणि सुमारे पाचशे मीटर खाली सोडले. त्या पाण्याच्या माऱ्यावर भिऱ्याची चाके फिरतात आणि काम झालेले पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला जाते. कोलाडला राफ्टिंगसाठी येणारी तरुण मंडळी ज्या प्रवाहावर स्वार होतात, तो भिऱ्याहून सुटलेला हाच प्रवाह. उतरताना त्याने मुंबईसाठी वीज दिलेली असते.

नदीची दिशा फिरवण्याचे हे काम शंभर वर्षांपूर्वी झाले. त्यामागचे तंत्र अमेरिकेत घडलेले, भांडवल मुंबईतल्या कंपनीचे आणि जमीन मावळ्यांची. मुळशी सत्याग्रहावर लिहिणारे सेनापती बापटांचा त्याग सांगतात; उद्योगाचा इतिहास लिहिणारे टाटांची दूरदृष्टी सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या वेगवेगळ्या पुस्तकांत राहिल्या, आणि भात पिकवणारा, कर्जात बुडालेला, पुढे मुंबईत ओझी वाहायला गेलेला माणूस दोन्हींतून निसटला. मला या लेखात त्याच्यापर्यंत यायचे आहे. वाट मात्र लांबून, थेट कॅलिफोर्नियातून येते.

लेस्टर पेल्टन हा ओहायोत जन्मलेला माणूस सोन्याच्या आशेने कॅलिफोर्नियात गेला. सोने त्याला लाभले नाही. खाणींची यंत्रे उभारणारा कारागीर म्हणून तो तिथे राहिला. त्या डोंगराळ मुलखात पाणी थोडे आणि उतार मोठा. नदीवरची जुनी लाकडी चाके तिथे कामाची नव्हती, कारण ती पाण्याच्या वजनावर चालत. पेल्टनने चाकाच्या कडेला जोडवाट्या बसवल्या: एकमेकींना चिकटलेल्या दोन वाट्या आणि मधोमध एक धारदार कणा. नळीतून सुटलेली पाण्याची धार नेमकी त्या कण्यावर आदळते, दोन भागांत फुटते, दोन्ही वाट्यांच्या पोटातून वळसा घेते आणि जवळजवळ सगळी ताकद चाकाला देऊन खाली गळून पडते. १८८० साली त्याला या चाकाचे पेटंट मिळाले. सह्याद्रीचा कडा या चाकासाठी जणू तयारच होता. घाटमाथ्यावर अफाट पाऊस आणि पायथ्याशी सरळ कोकण. खोपोली काय, भिवपुरी काय, भिरा काय, सगळीकडे हेच तत्त्व कामाला आले.

चाक फिरले तरी वीज दूर कशी न्यायची, हा प्रश्न उरत होता. तो सोडवला निकोला टेस्लाच्या प्रत्यावर्ती प्रवाहाच्या शोधांनी आणि ते पेटंट विकत घेणाऱ्या जॉर्ज वेस्टिंगहाउसने. एडिसनचा एकदिश प्रवाह मैलभराच्या पुढे नेणे परवडत नव्हते. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात वेस्टिंगहाउसच्या दिव्यांनी लखलखाट केला आणि १८९६ च्या नोव्हेंबरात नायगाऱ्याची वीज वीस-बावीस मैलांवरच्या बफेलो शहरात पोचली. त्या दिवसापासून धबधबा एकीकडे आणि गिरणी दुसरीकडे असू शकते, हे सिद्ध झाले. भारतात त्याचा पहिला मोठा प्रत्यय म्हैसूर संस्थानात आला. १९०२ साली कावेरीवरच्या शिवसमुद्रमहून कोलारच्या सोन्याच्या खाणींना नव्वदाहून जास्त मैलांवर वीज मिळू लागली.

जमशेदजी टाटा १८९३ मध्ये त्याच शिकागो प्रदर्शनाला गेले होते. जपानहून निघालेल्या त्यांच्या बोटीवर स्वामी विवेकानंद सहप्रवासी होते. १९०२ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला गेले ते पोलाद आणि वीज या दोन गोष्टींसाठी. नायगारा पाहिला, पिट्सबर्गला वेस्टिंगहाउसची भेट घेतली, न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स पेज पेरिन या अभियंत्याला गाठले. त्या वेळचे पिट्सबर्ग म्हणजे अमेरिकन उद्योगाची भट्टी. शहरापासून थोड्या अंतरावर, मोनोंगहेला नदीच्या काठी होमस्टेडचा पोलाद कारखाना होता, आणि दहाच वर्षांपूर्वी तिथे जे घडले ते कामगारांच्या घराघरांत ताजे असणार. मालक अँड्र्यू कार्नेगी स्कॉटलंडमध्ये होता. कारभारी हेन्री फ्रिकने मजुरीत कपात जाहीर केली, संघटनेशी बोलणी तोडली आणि कारखान्याला टाळे लावले. १८९२ च्या ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन कंपनीचे तीनशे हत्यारबंद पहारेकरी तराफ्यांतून नदीमार्गे आले. काठावर कामगार, त्यांच्या बायका, मुले जमली होती. दिवसभर गोळीबार चालला, दोन्हीकडची माणसे मेली. पहारेकऱ्यांनी शरणागती पत्करली, तेव्हा कामगार जिंकल्यासारखे वाटले. पण काही दिवसांत पेनसिल्व्हेनिया राज्याची आठ हजार शिबंदी येऊन थडकली. संप मोडला, संघटना मोडली. त्यानंतर पोलादाच्या कारखान्यांत बारा तासांची पाळी तीस वर्षे टिकून राहिली. याच कार्नेगीने पुढे गावोगावी वाचनालये बांधून दिली.

जमशेदजींनी त्या देशातून यंत्रे आणि अभियंते घेतले, फ्रिकचा मार्ग घेतला नाही, हे मोकळेपणाने म्हणायला हवे. त्यांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामगारांसाठी भविष्यनिर्वाह निधीची व्यवस्था सरकारी कायद्याच्या कितीतरी आधी झाली. त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या जमशेदपूरच्या कारखान्यात १९१२ साली आठ तासांची पाळी सुरू झाली. अमेरिकेच्या युनायटेड स्टेट्स स्टीलला बारा तासांची पाळी सोडायला १९२३ उजाडले. जमशेदपुरातही १९२० मध्ये संप झाला, गोळीबार झाला, माणसे गेली; तिथे सगळे गोडीगुलाबीने चालले असे नाही. तरीही एकंदरीत टाटांचे घराणे त्या काळच्या जगातल्या बऱ्या मालकांपैकी होते. मुळशीची गोष्ट त्यामुळेच जास्त विचार करायला लावते. वाईट मालकाने जमीन बळकावली असती तर ती नेहमीची कथा झाली असती.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. कोळसा बंगालहून रेल्वेने नाहीतर परदेशातून बोटीने येई. महाग पडे, आणि गिरणगावावर काळा धूर कायमचा. सह्याद्रीच्या पाण्यावर वीज करण्याची कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईतल्या वास्तुविशारदाने मांडली होती, जमशेदजींनी ती उचलली. १९०४ मध्ये ते गेले. काम त्यांचे पुत्र दोराबजींनी पुढे नेले. १९१० साली कंपनी निघाली. लंडनच्या बाजाराकडून भांडवल जुळेना, तेव्हा देशी संस्थानिकांनी पैसा घातला. १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला कोनशिला बसली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज परळला पोचली. मग आंध्रा खोऱ्याची योजना आणि भिवपुरीचे वीजघर. तिसरी आणि सगळ्यांत मोठी योजना मुळशीची.

विजेने गिरणीत काय केले तेही पाहू. दिवे नसताना गिरणी सूर्याबरोबर सुरू व्हायची आणि सूर्याबरोबर बंद व्हायची. दिवे आले तसे दिवस लांबले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामगार चौदा-चौदा तास साच्यावर उभे असत. १९११ च्या कारखाना कायद्याने पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ च्या कायद्याने अकरा तासांची. शोधामुळे श्रम आपोआप हलके होत नाहीत. ते हलके करून घ्यावे लागतात, आणि गिरणगावाने ते संप करून घेतले.

आता मुळशी. खाचरांची माती आणि पाऊस ही इथली दौलत. मुळशीच्या आंबेमोहराचे नाव अजूनही पुण्याच्या भुसारी बाजारात मानाने घेतले जाते. ही भातशेती कशी होते, हे नीट माहीत असल्याशिवाय सत्याग्रह कळणार नाही. होळीच्या आधीपासून बाप्ये आणि बाया कवळ तोडतात, म्हणजे झाडांच्या डहाळ्या. ज्या तुकड्यात रोपे करायची तिथे आधी शेण पसरतात, त्यावर कवळ, मग पातेरा, गवत आणि सगळ्यांवर बारीक मातीचा थर. हा राब. चैत्र-वैशाखात तो भाजतात. ज्वाळा उठू द्यायची नाही, धुमसत खाली उतरायला हवा, नाहीतर माती भाजत नाही. मृगाच्या तोंडावर त्या राखेत भात पेरायचे, रोप वीतभर झाले की उपटून जुड्या बांधायच्या आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावणी. खाचर एका वर्षात होत नाही. बांध घालून, उतारावरून वाहत येणारी माती अडवून, पिढ्यानपिढ्या सपाट करत आणलेली ती जमीन. ती खोऱ्याच्या तळाला असते. वर डोंगरउतारावर वरकस जमीन, तिथे नाचणी आणि वरी. धरणाचे पाणी आधी तळ गिळते. खाचरे गेली आणि वरकस राहिली तर मावळ्याकडे जमीन उरली असे कागदावर दिसते. जेवायला भात मात्र उरत नाही.

१९१९ च्या सुमारास टाटा पॉवर कंपनी निघाली आणि कंपनीची माणसे खोऱ्यात दिसू लागली. जमिनी अजून रीतसर ताब्यात घेतलेल्या नसताना भाताच्या शेतांत चाचणीचे चर खणले जाऊ लागले. ठिणगी इथे पडली. कोणी विचारले नाही, सांगितले नाही. बांध फोडून खंदक. धरणाखाली पन्नासहून अधिक गावे आणि अकरा हजारांच्या आसपास माणसे येणार होती. कंपनीच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा होता. सार्वजनिक हिताचे काम असेल तर खासगी कंपनीसाठीही सरकार जमीन घेऊ शकते, अशी त्यात सोय होती. दीड लाख अश्वशक्ती वीज, लाखो टन कोळशाची बचत आणि मुंबईत हजारो हातांना काम, असा कंपनीच्या बाजूचा हिशेब होता. तो खोटा नव्हता. त्यात एकच बाजू धरली नव्हती.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. पांडुरंग महादेव बापट आणि विनायक महादेव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने बाराशेच्या आसपास मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. राब भाजायचे ते दिवस. शेतकऱ्याच्या वर्षाची सुरुवात. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा याच आंदोलनाची. काम थांबले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त टाटांना जाहीर विनंती केली. एखाद्याही गरीब माणसाच्या इच्छेविरुद्ध ही योजना होणार असेल तर तिच्या फायद्यांची किंमत काय, असा त्यांचा सवाल होता. कंपनीने काही महिने काम तहकूब ठेवले. बापटांना ‘सेनापती’ हे नाव या लढ्यानेच दिले. शंकरराव देव आले, शि. म. परांजपे आले, परांजप्यांनी त्यापायी तुरुंग पाहिला. डिसेंबर १९२१ मध्ये काम पुन्हा सुरू झाले तेव्हा सत्याग्रहही पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी बायका आणि मुलेसुद्धा पकडली गेली.

मग लढा मोडला कसा? पोलीस आणि तुरुंग हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे पुण्याच्या पेठांत आहे. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी कागदोपत्री कसणाऱ्यांच्या राहिलेल्याच नव्हत्या. गहाणखतांतून त्या सावकारांकडे गेल्या होत्या, किंवा मूळच्याच शहरातल्या जमीनदारांच्या होत्या. सुरुवातीला सावकारही विरोधात उतरले, कारण त्यांचीही मालमत्ता बुडत होती. पण सावकाराचे नुकसान पैशांत मोजता येते. भाव वाढवून मिळतो असे दिसताच तो बाजूला झाला. कुळाला नुकसानभरपाईत काय मिळणार होते? कर्ज वळते झाल्यावर त्याच्या हाती उरेल ते, आणि बहुतेक वेळा काहीच नाही. मुळशीचा पराभव धैर्य कमी पडल्यामुळे झाला, असे कोणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही. ज्याचा घाम त्या मातीत होता त्याचे नाव कागदावर नव्हते, आणि वाटाघाटी कागदावर नाव असलेल्यांशी झाल्या. राष्ट्रीय चळवळीलाही या गाठीला हात घालणे अवघड गेले, कारण सावकार आणि जमीनदार चळवळीच्या आतच होते.

बहुतेकांनी भरपाई घेतल्यावर गांधीजींनी लढ्याला पाठिंबा देणे सोडले. बापटांची अहिंसेवर निष्ठा नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. ते खरेच होते. लंडन-पॅरिसला असताना बाँब बनवण्याची विद्या शिकून आलेला हा माणूस. डिसेंबर १९२४ मध्ये बापट मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाच्या रेल्वेवर चालून गेले, गाडी अडवली, पिस्तूल चालवले. सात वर्षांची सजा झाली आणि १९३१ पर्यंत ते आत होते. मला या कृतीचे समर्थन करायचे नाही: गाडीत बसलेली माणसेही पोटासाठी आलेली होती. पण चार वर्षे सगळे सनदशीर आणि शांततेचे मार्ग चालून झाल्यावर हे घडले, तो क्रम विसरून बापटांना केवळ माथेफिरू किंवा केवळ वीर ठरवणे सारखेच चुकीचे आहे.

त्याच १९२४ च्या पहिल्या तिमाहीत मुंबईत दीड लाखाच्या घरातल्या गिरणी कामगारांनी बोनससाठी संप केला होता. परळ-लालबागच्या चाळी उपाशी होत्या आणि दीडशे किलोमीटरच्या आत मुळशीची गावे उठत होती. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. १९२८ मध्ये एका माणसाकडून जादा साचे चालवून घेण्याच्या मालकांच्या बेताविरुद्ध गिरणगाव सहा महिने बंद राहिले; गिरणी कामगार युनियन त्याच संपातून मोठी झाली. कामगारांचा लढा आणि धरणग्रस्तांचा लढा एकमेकांच्या इतक्या जवळ होते, तरी एकमेकांना भेटल्याचे दिसत नाही. एकाच विजेच्या तारेच्या दोन टोकांना ती माणसे उभी होती. कामगाराला मालक दिसत होता, संघटना करता येत होती, त्याच्याशिवाय साचा चालणार नव्हता. मुळशीच्या शेतकऱ्याकडे कंपनीला अडवण्यासाठी असे कोणते हत्यारच नव्हते: कंपनीला त्याचे श्रम नको होते, फक्त तो तिथे नको होता. म्हणून एम्प्रेस मिलचा निधी आणि जमशेदपूरचे आठ तास त्याच्यापर्यंत पोचले नाहीत. मालकाचा चांगुलपणा कारखान्याच्या फाटकाच्या आत मोजला जात होता, आणि मुळशी फाटकाबाहेर होती.

हे फक्त आपल्याकडचे नाही. ज्या नायगाऱ्याने हे युग सुरू केले, तिथल्याच तस्करोरा या मूलनिवासी जमातीची साडेपाचशे एकर जमीन वीज प्रकल्पाच्या जलाशयासाठी घेतली गेली. जमात सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि १९६० साली हरली. मुळशीनंतर चाळीस वर्षांनी, श्रीमंत लोकशाहीत, पुन्हा सार्वजनिक हित आणि पुन्हा त्यात न धरलेली माणसे.

पाण्याखाली गेलेल्या गावांतली काही घरे वर डोंगरउताराला सरकली, काही लोक पुण्यात, काही मुंबईत गेले. हमाली, गिरणी, बंदर, आणि डबे. मुंबईचे डबेवाले ज्या पट्ट्यातून येतात त्यात मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर यांच्याबरोबर मुळशीही आहे. भात पिकवणाऱ्या खोऱ्यातली माणसे शहरात दुसऱ्याच्या जेवणाचे डबे वाहू लागली, यात सगळ्यांचेच कारण धरण होते असे नाही. शेती तुटपुंजी होती, वाटण्या होत होत्या. पण खाचरे असती तर परतायला काही असते.

आज पुण्याच्या चांदणी चौकातून पिरंगुट, पौड, माले असे करत ताम्हिणीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने, गृहप्रकल्पांच्या कमानी आणि शेतघरांच्या पाट्या लागतात. याच तालुक्यात हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र आहे, लवासाही इथलेच. जमिनीचा भाव आता गुंठ्यावर बोलला जातो. मालेच्या पुढे तलाव उघडा पडतो आणि पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. तलावाला लोक अजून टाटांचा तलावच म्हणतात. काठावरच्या धरणग्रस्तांचे वारस गावठाण मागत आहेत, म्हणजे आपण राहतो त्या घराखालची जमीन आपल्या नावावर असावी एवढेच मागत आहेत.

दुसरा प्रश्न पाण्याचा. भीमा खोऱ्यातले पाणी विजेसाठी कोकणात सोडायचे की पूर्वेला, पुण्यापासून सोलापूरपर्यंतच्या तहानलेल्या भागाला द्यायचे, ही चर्चा प्रत्येक दुष्काळात वर येते. शंभर वर्षांपूर्वी मुंबईला वीज मिळवण्याचा दुसरा मार्ग जवळपास नव्हता, आज आहे. पूर्वेच्या शेतकऱ्याची बाजू मला पटते. पण या चर्चेत पुणे, पिंपरी-चिंचवड, सोलापूर, मुंबई, कंपनी, सरकार अशी सगळ्यांची नावे येतात, आणि ज्यांच्या खाचरांवर ते पाणी उभे आहे त्यांचे नाव येत नाही.

मुळशीच्या पाण्याविषयी जी समिती बसेल, जो करार नव्याने होईल, त्यात पहिला वाटा बुडीत गावांच्या वारसांचा असला पाहिजे: गावठाण, पिण्याचे पाणी, उपशाचा हक्क आणि विजेच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा. त्याआधी एक काम शासनाने लगेच करावे. बुडालेल्या प्रत्येक गावाचे नाव, तिथल्या कुळांसह, जुन्या दप्तरांतून काढून प्रसिद्ध करावे. सातबारावर नाव नसल्यामुळे जे एकदा वगळले गेले, त्यांची नोंद तरी या राज्याच्या कागदावर व्हायला हवी.